आकाशमार्गाचे नियम आणि त्यांचा इतिहास

होळकरांच्या काळी इंदुरास येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत कारकुनी, शिक्षकी आणि वकिली या तीन वाटा सोडून चौथीकडे वळणारे फार थोडे. आमचे घरही त्याच चाकोरीतले. त्यामुळे धाकट्या चिरंजीवांच्या मुलीने व्यावसायिक वैमानिक होण्याचा निश्चय जाहीर केला, तेव्हा घरात कौतुक आणि काळजी ही दोन्ही सारख्याच प्रमाणात दाटून आली. मुलगी हुशार. वाऱ्याचे गणित, हवामानशास्त्र, यंत्राची माहिती हे विषय तिने सहज पार केले. परंतु ‘हवाई नियम’ या विषयात ती अनुत्तीर्ण झाली. उत्तीर्ण होण्यास शंभरात सत्तर गुण लागतात, आणि तिला तेवढे मिळाले नाहीत.

सुट्टीत घरी आली असता ती म्हणाली, “आजोबा, यात समजण्यासारखं काही नाहीच. नुसते आकडे आणि कलमं. पाठ करायची आणि विसरायची.” प्रस्तुत लेखकाने छत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला असल्याने हे वाक्य त्याच्या चांगल्या परिचयाचे होते. सनावळ्यांविषयी विद्यार्थी हेच म्हणत असत. तेव्हा मी तिचे पुस्तक मागून घेतले आणि पुढचे दोन महिने आम्ही दोघांनी ते इतिहासाचे पुस्तक म्हणून वाचले. त्या वाचनातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ १९११ पासून करणे योग्य ठरेल. त्या वर्षी १८ फेब्रुवारीस आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या मैदानावरून उड्डाण केले आणि सुमारे साडेसहा हजार पत्रे यमुनेपलीकडे नैनी येथे पोचविली. अंतर जेमतेम दहा किलोमीटरांचे. परंतु विमानाने अधिकृत टपाल नेण्याचा तो जगातला पहिला प्रसंग मानला जातो. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने ‘इंडियन एअरशिप्स अ‍ॅक्ट’ संमत केला. देशात विमाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती, पण ती बनविणे, बाळगणे, विकणे आणि आयात करणे यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा मात्र तयार होता. या पहिल्या कायद्याची मुख्य चिंता राज्याच्या सुरक्षिततेची होती. प्रवाशाची किंवा वैमानिकाची चिंता कायद्यात पुढे आली, आणि ती कशी आली हाच आपला विषय आहे.

पहिल्या महायुद्धानंतर, १३ ऑक्टोबर १९१९ रोजी, पॅरिस येथे हवाई वाहतुकीचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार झाला. प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व असते, हे तत्त्व त्यात मान्य झाले. आज नियमांच्या पुस्तकात हे वाक्य आरंभीच येते आणि विद्यार्थी ते घोकून पुढे जातात. युद्धात ज्या शहरांवर आकाशातून बाँब पडले होते, त्या शहरांच्या प्रतिनिधींनी ते लिहिले आहे, हे कळले की त्या वाक्याला वजन येते.

भारतीय विमानांच्या अंगावर ‘व्हीटी’ ही अक्षरे असतात. ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’ असा त्यांचा अर्थ अनेक जण सांगतात, आणि तो चुकीचा असूनही मोठ्या आवडीने सांगितला जातो. वस्तुतः १९२७ सालच्या वॉशिंग्टन येथील बिनतारी संदेश परिषदेत निरनिराळ्या देशांना जे आद्याक्षरांचे गट वाटून देण्यात आले, त्यांतून ही अक्षरे आली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले, त्या पुस मॉथ विमानावरही तीच होती. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालेल्या परवान्यावर पहिला क्रमांक होता, हे वाचकांना ठाऊक असेलच.

विमाने वाढू लागली तसा १९११चा कायदा अपुरा पडू लागला. १९३४ साली नवा ‘एअरक्राफ्ट अ‍ॅक्ट’ आणि त्याखाली १९३७ साली सविस्तर नियम आले. संस्थानेही मागे नव्हती. आमच्या होळकर संस्थानाने १९३५ साली टाटांचे सहकारी नेव्हिल व्हिंटसेंट यांच्या सल्ल्याने बिजासनीच्या टेकडीजवळ विमानतळासाठी जागा निवडली. हैदराबादेत निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत ‘डेक्कन एअरवेज’ निघाली. व्यावसायिक परवाना मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला प्रेम माथुर यांना १९४७ साली याच कंपनीने नोकरी दिली. हे ऐकून नात प्रथमच पुस्तकातून मान वर करून माझ्याकडे पाहू लागली. १९८५ साली संपूर्ण महिला कर्मचारी असलेले फॉकर फ्रेंडशिप विमान ज्यांच्या नेतृत्वाखाली उडाले, त्या कॅप्टन सौदामिनी देशमुख यांचे नाव मात्र तिला आधीपासून माहीत होते.

१९३७च्या नियमांचा पाया पॅरिस करारात होता. त्यावर आजची इमारत उभी राहिली ती शिकागो येथे. दुसरे महायुद्ध अजून संपलेले नसतानाच, नोव्हेंबर १९४४ मध्ये, चोपन्न राष्ट्रांचे प्रतिनिधी तेथे जमले. ७ डिसेंबर रोजी करारावर सह्या झाल्या आणि ४ एप्रिल १९४७ पासून तो अमलात आला. हिंदुस्थानने स्वातंत्र्याच्या काही महिने आधीच, १ मार्च १९४७ रोजी, त्यास अनुमती दिली होती. या कराराला आज एकोणीस परिशिष्टे आहेत. पहिले परिशिष्ट वैमानिकांच्या परवान्यांविषयी, दुसरे आकाशातील वाहतुकीच्या नियमांविषयी, तेरावे अपघातांच्या चौकशीविषयी, चौदावे विमानतळांविषयी. विमानांच्या अपहरणांचे सत्र सुरू झाल्यावर १९७४ साली सतरावे आले. परिशिष्टांचा हा क्रम विद्यार्थ्यांना पाठ करावा लागतो. मी नातीला सुचविले की, क्रम सोडून दे आणि जगाला कोणत्या साली कशाची भीती वाटली, ते या यादीत वाचून पाहा.

आपल्याकडे हे नियम पायरीपायरीने खाली येतात. सर्वांत वर संसदेचा कायदा, त्याखाली केंद्र सरकारचे नियम, त्याखाली नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने काढलेल्या आवश्यकता, आणि शेवटी वैमानिकांसाठी रोजच्या रोज निघणाऱ्या सूचना. आज अमुक धावपट्टी बंद आहे, तमुक दिवा लागत नाही, हेही कायद्याच्याच या साखळीतले शेवटचे कडे होय.

परवान्याच्या अटी पाहू. व्यावसायिक परवान्यासाठी वय किमान अठरा वर्षे हवे आणि प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते. नियमावलीत दोनशे तासांच्या उड्डाणाचा अनुभव सांगितला आहे. त्यांपैकी शंभर तास स्वतः प्रमुख वैमानिक म्हणून, वीस तास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे, आणि त्यांत एक प्रवास किमान तीनशे सागरी मैलांचा, वाटेत दोन निरनिराळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून केलेला. दहा तास केवळ उपकरणांच्या आधारे आणि पाच तास रात्रीचे, ज्यांत किमान दहा उड्डाणे व दहा अवतरणे असावीत. उड्डाणापूर्वी बारा तास मद्य वर्ज्य. आकडे कोरडे दिसतात खरे. पण तीनशे मैलांच्या अटीचा अर्थ असा की, परिचित धावपट्टी नजरेआड झाल्यावर हा मनुष्य काय करतो, हे आधी पाहिले पाहिजे. रात्रीच्या दहा अवतरणांचा अर्थ असा की, अंधारात जमीन जवळ येते तेव्हा डोळे फसवतात, आणि हे फसणे एकदा अनुभवून भागत नाही.

आकाशातील वाहतुकीचे नियम मला स्वतःला फार मनोरंजक वाटले, कारण त्यांचे कूळ समुद्रावरचे आहे. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा व उजव्या टोकाला हिरवा असतो. जहाजांवरही डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा हाच रिवाज आहे. गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावरील वाचकांना हे सांगायला नको. दोन विमानांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान असेल त्याने वाट द्यायची. अशा वेळी त्याला समोरच्याचा डावा, म्हणजे लाल दिवा दिसतो, आणि त्या दुसऱ्याला याचा हिरवा. नियम विसरला तरी रंग आठवण करून देतो. दोन विमाने समोरासमोर आली तर दोघांनीही उजवीकडे वळायचे असते. रस्त्यावर डावीकडून चालण्याची सवय असलेल्या आपल्या मुलांना हे मुद्दाम हाडीमासी रुजवून घ्यावे लागते.

नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या विमानाला दहा हजार फुटांखाली किमान पाच किलोमीटरपर्यंत दिसले पाहिजे. ढगांपासून बाजूने दीड किलोमीटर आणि वर-खाली हजार फूट अंतर राखले पाहिजे. दाट वस्तीवरून जाताना सहाशे मीटरच्या टापूतील सर्वांत उंच वस्तूच्या हजार फूट वर राहिले पाहिजे. बिनतारी यंत्र बंद पडले तर नियंत्रण मनोऱ्यावरून दिव्याने खुणा होतात. स्थिर हिरवा म्हणजे उतरण्यास परवानगी, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्यास वाट दे आणि घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित आहे, उतरू नकोस.

या साऱ्या नियमांत मला सर्वांत थोर वाटलेला नियम एका वाक्याचा आहे. विमानाचा प्रमुख वैमानिक सर्व नियम पाळण्यास बांधलेला आहे, मात्र सुरक्षिततेसाठी अगदी अपरिहार्य झाल्यास तो नियमापासून दूर जाऊ शकतो. नियम का केला गेला, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो केव्हा सोडावा हे कळेल. नुसते पाठांतर केलेल्या विद्यार्थ्याला हा अधिकार वापरता येणार नाही.

आता ज्या तीन दुर्घटनांनी आजच्या पुस्तकाची पाने लिहिली, त्यांकडे वळतो. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील तेनेरिफे येथे दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. एका विमानाच्या कप्तानाने उड्डाणाची परवानगी मिळाली नसतानाच वेग घेतला होता. दुसरे विमान अजून त्याच धावपट्टीवर होते. बिनतारी संदेश एकमेकांवर आदळून अस्पष्ट झाले, आणि ‘उड्डाण’ हा शब्द ज्याने त्याने आपापल्या अर्थाने घेतला. तेव्हापासून ‘टेक ऑफ’ हा शब्द केवळ प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक पडला. मिळालेली परवानगी वैमानिकाने शब्दशः परत म्हणून दाखविण्याची शिस्तही कडक झाली. भाषेच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावे असे हे उदाहरण आहे.

दुसरी दुर्घटना आपल्या देशातली. १२ नोव्हेंबर १९९६ च्या सायंकाळी हरियाणातील चरखी दादरीवर दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे अशी दोन विमाने हवेत आदळली. दोन्हींतील मिळून ३४९ जण गेले, एकही वाचला नाही. वर चढणाऱ्या विमानास चौदा हजार फुटांची मर्यादा दिली होती, उतरणाऱ्यास पंधरा हजारांची. उतरणारे विमान आपली मर्यादा सोडून खाली आले. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना एकच मार्ग होता, आणि नियंत्रकाच्या पडद्यावर विमानांची उंची दिसत नव्हती. कझाक विमानात संदेश ऐकणारा एक आणि विमान चालविणारा दुसरा होता, आणि इंग्रजीची अडचण होती. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर येण्याचे व जाण्याचे मार्ग वेगळे झाले आणि धडक टाळणारे यंत्र बसविणे भारतात सक्तीचे झाले. वैमानिकाच्या इंग्रजीची सहा पातळ्यांवर परीक्षा घेण्याचा आणि किमान चौथी पातळी सक्तीची करण्याचा आंतरराष्ट्रीय नियम २००८ पासून लागू झाला, त्यामागेही असेच अपघात होते.

तिसरी दुर्घटना मंगळूरची. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान डोंगरमाथ्यावरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १६६ पैकी आठ जण वाचले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने ध्वनिमुद्रण तपासले. कप्तान प्रवासात बराच काळ झोपलेले होते. विमान फार उंचावरून आणि फार वेगाने खाली येत होते. सहवैमानिकाने अवतरण सोडून पुन्हा वर जाण्यास तीन वेळा सुचविले होते, आणि यंत्रही इशारे देत होते. कप्तानांनी ऐकले नाही.

हे वाचताना नात एकदम गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “तीनदा सांगितलं, आजोबा. मी असते तर कदाचित एकदाच सांगितलं असतं.” तिच्या पुस्तकात पुढे स्पष्ट लिहिले होते की, विमान ठरलेल्या मर्यादेत नसेल तर अवतरण सोडून द्यायचे, आणि तसे सांगण्याचा हक्क व कर्तव्य कनिष्ठ वैमानिकाचेही आहे. हा नियम पाठ करणे सोपे आहे. पण आमच्या घरात तिला लहानपणापासून काय शिकविले गेले? वडीलधाऱ्यांना उलट बोलू नये. मोठी माणसे बोलत असता मध्ये तोंड घालू नये. परप्रांतात राहून मराठीपण जपणाऱ्या आपल्या घरांनी ही शिस्त अधिकच काटेकोरपणे सांभाळली. तिचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु विमानाच्या कक्षात हेच संस्कार दीडशे माणसांच्या जिवावर बेतू शकतात, हे मान्य करणे मला त्या दिवशी जड गेले.

दमलेल्या माणसाने उडू नये, या साध्या तत्त्वासाठीही दीर्घ झगडा चालू आहे. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर नेणारे सुधारित नियम २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाले, न्यायालयापर्यंत गेले आणि २०२५ मध्ये दोन टप्प्यांत अमलात येऊ लागले. त्या वर्षीच्या डिसेंबरात मनुष्यबळाच्या तुटवड्याने हजारो उड्डाणे रद्द झाली आणि काही तरतुदी तात्पुरत्या शिथिल कराव्या लागल्या. नियमाची किंमत मोजावी लागते, आणि ती कोणी मोजायची यावर वाद होतो.

तेराव्या परिशिष्टात म्हटले आहे की, अपघाताच्या चौकशीचा एकमेव उद्देश पुढील अपघात टाळणे हा आहे. दोष वा शिक्षा ठरविणे हा नव्हे. ग्वाल्हेरच्या वाचकांना १९९३ चा जानेवारी आठवत असेल. भाड्याने घेतलेले एक विमान दिल्लीच्या धुक्यात कोसळले, सुदैवाने सर्व वाचले, तरी तत्कालीन विमानवाहतूक मंत्री माधवराव शिंदे यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. ती वृत्ती आदरणीयच होती. मात्र जबाबदारी कोणी घेतली, यावरून अपघात का झाला हे कळत नाही. तो शोध वेगळ्या यंत्रणेने घ्यावा लागतो. त्यासाठी २०१२ साली स्वतंत्र अपघात अन्वेषण विभाग स्थापन झाला आणि २०२० च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचा आधार मिळाला. १९३४ चा कायदा अखेर १ जानेवारी २०२५ रोजी निवृत्त झाला आणि त्याची जागा ‘भारतीय वायुयान अधिनियम, २०२४’ ने घेतली. वैमानिकांच्या बिनतारी संदेशाच्या परवान्याची परीक्षा दूरसंचार खात्याकडे असे, ती महासंचालनालयाकडे देण्याची तरतूदही त्यात आहे.

पुढच्या खेपेस नात उत्तीर्ण झाली. गुण किती मिळाले हे तिने सांगितले, पण ते येथे देण्याचे कारण नाही. निकालानंतरचा एक प्रसंग मात्र सांगतो. लग्नाच्या एका समारंभाहून रात्री परतताना मी मोटार चालवीत होतो. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात आहे, हे घरात सर्वांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांनी मी थोडा बिचकलो. मागच्या आसनावरून नात म्हणाली, “आजोबा, गाडी बाजूला घ्या, मी चालवते.” मी ऐकले न ऐकलेसे केले. तिने पुन्हा तेच सांगितले, आवाज न चढवता. तिसऱ्यांदा सांगण्याची वेळ तिच्यावर येऊ द्यायची नाही, एवढे मला त्या पुस्तकाने शिकविले होते. राऊच्या नाक्याजवळ मी गाडी थांबविली आणि किल्ली तिच्या हाती दिली.